गुडघ्यात कूर्चा रुजवून देणारी सेवा: कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

मुंबईत सांध्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत आता ‘कूर्चारोपण’ या नावाने एक सेवा मिळते. तुमच्याच गुडघ्यातून कूर्चेचे, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराचे, दोन-तीन कण काढतात, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवतात आणि महिना-दीड महिन्याने दुसरं ऑपरेशन करून त्या पेशी गुडघ्याच्या कूर्चेला पडलेल्या खड्ड्यात बसवतात. भारतात अशा पेशी-उत्पादनाला औषध महानियंत्रकांची विक्री-परवानगी २०१७ साली मिळाली, त्यामुळे हा आता प्रयोग राहिलेला नाही. पण ही सेवा ज्यांच्यासाठी आहे आणि ज्यांना ती सुचवली जाते, ती माणसं बऱ्याचदा वेगळी असतात.

आमचं मत आधीच सांगतो. वय पंचावन्नच्या आत, गुडघ्यात एक किंवा दोन स्वच्छ कडांचे खड्डे, पाय सरळ, लिगामेंट आणि गादी शाबूत, वर्षभर नेटाने व्यायाम करायची तयारी: अशा माणसासाठी ही आज मिळणाऱ्या उत्तम सेवांपैकी एक आहे. साठीच्या पुढचा, सगळीकडून झिजलेला, वाकडा झालेला गुडघा असेल तर हिच्यावर एक रुपयाही घालवू नये.

असं का, हे कळायला कूर्चा म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’, ‘गॅप कमी झाली’ ही वाक्यं दादरपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतात, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. गादी म्हणजे मेनिस्कस, दोन हाडांच्या मधली चंद्रकोरीसारखी चकती. वंगण म्हणजे सांध्यातला द्रव. कूर्चा या दोन्हींहून निराळी. ती हाडाच्या टोकालाच चिकटलेली असते, दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, पांढरा-निळसर, ओल्या काचेसारखा गुळगुळीत थर. एक्स-रेत ती दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि तिलाच ‘गॅप’ म्हणतात. झोपून काढलेल्या एक्स-रेतली गॅप फसवी असते, म्हणून एक्स-रे उभं राहूनच काढायचा.

या थराचा बहुतांश भाग पाणी आहे. टाइप २ कोलॅजेनच्या धाग्यांचं घट्ट जाळं असतं. त्यात अॅग्रिकन नावाचे मोठे रेणू अडकलेले असतात आणि ते पाणी ओढून फुगू पाहतात. जाळं त्यांना फुगू देत नाही. या ओढाताणीतून जो ताठपणा येतो त्यावर आपण उभे असतो. पेशींचा वाटा आकारमानाने फार तर ५ टक्के. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. त्वचा कापली की रक्त येतं, गुठळी होते आणि त्या गुठळीत दुरुस्तीचे कारागीर येऊन बसतात. कूर्चेत रक्तच पोहोचत नाही, शेजारच्या पेशी आपापल्या कोषात अडकलेल्या असतात, त्यामुळे कुणी येतच नाही. नसा नसल्याने सुरुवातीला दुखतही नाही. दुखायला लागतं तेव्हा खालच्या हाडापर्यंत किंवा सांध्याच्या अस्तरापर्यंत गोष्ट गेलेली असते.

मोठ्या माणसाची कूर्चा किती हट्टी आहे याचा पुरावा अणुबाँबच्या चाचण्यांनी दिला. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि त्या काळात शरीरात जे काही नवं बनलं त्यावर त्याची खूण राहिली. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ साली गुडघ्यांच्या कूर्चेतलं कोलॅजेन या खुणेवरून तपासलं. वाढ थांबल्यानंतर ते नव्याने बनतच नाही, असं दिसलं. म्हणजे विशीत जे जाळं विणलं गेलं, तेच सत्तरीपर्यंत वापरायचं. विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितलंच होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही.

मग डॉक्टर ‘भोकं पाडून भरतो’ म्हणतात ते काय? त्याला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. खड्डा साफ करून खालच्या हाडात टोच्याने तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रं पाडायची. रक्त अडवायला मांडीला बांधलेला पट्टा सैल केला की त्या छिद्रांतून रक्त आणि मज्जेचे चरबीचे थेंब वर येताना दुर्बिणीत दिसतात. त्यांची गुठळी होते आणि तिचं ऊतक बनतं. एकच ऑपरेशन, खर्च कमी, खड्डा लहान असेल तर पहिली दोनेक वर्षं आराम चांगला पडतो. पण बनतं ते तंतुमय ऊतक. त्यात टाइप १ कोलॅजेन जास्त, म्हणजे व्रणाच्या जातीचं. ते दाब कमी सोसतं आणि पुढे झिजतं. आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. अमेरिकेत ३२१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आधी असं मज्जा-उद्दीपन झालेल्या गुडघ्यांत नंतरचं पेशीरोपण २६ टक्के वेळा फसलं, न झालेल्यांत ८ टक्के. हा अभ्यास २००९ सालचा. म्हणून ‘आधी स्वस्तातलं करून बघू, नाही जमलं तर पेशी आहेतच’ हा हिशोब मोठ्या खड्ड्यासाठी चुकीचा आहे. खालचं हाड एकदा छिद्रांनी कडक झालं, तिथे हाडाचे उंचवटे उगवले की नवी कूर्चा त्यावर नीट बसत नाही.

ढोबळ वाटणी अशी: खड्डा २ चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर मायक्रोफ्रॅक्चर, किंवा त्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या भागातून हाडासकट कूर्चेची दंडगोल बुचं काढून बसवणं. त्याहून मोठा असेल तर पेशीरोपण. आजच्या रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा सुमारे तीन-चार चौरस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे तो सरळ पेशींच्याच वाटणीला येतो. एमआरआयच्या रिपोर्टवरचा आकार अंतिम धरू नका. सैल कडा कापल्यावर खड्डा बहुतेक वेळा मोठाच निघतो.

ऑपरेशनचा विचार करण्याआधी तीन तपासण्या मागून घ्या. उभं राहून दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे. खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा उभा एक्स-रे, ज्याला स्कॅनोग्राम म्हणतात. आणि शक्यतो ३ टेस्लाच्या मशीनवर कूर्चेसाठीच्या क्रमाने केलेला एमआरआय. यातला स्कॅनोग्राम सगळ्यात जास्त वेळा राहून जातो, आणि रोपण फसायचं मोठं कारण तिथेच लपलेलं असतं. पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल, म्हणजे उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांपासून लांब राहत असतील, तर शरीराचा भार सांध्याच्या आतल्या बाजूवर पडतो. त्याच जागी नवी कूर्चा लावली तर जुनी ज्याने संपली त्यानेच तीही संपणार. अशा वेळी आधी किंवा त्याच बैठकीत नडगीचं हाड कापून पाय सरळ करावा लागतो. वाटी बाजूला घसरत असेल तर तिचा मार्ग आधी दुरुस्त करायचा. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, तुटलेलं असेल तर ते बांधायचं. गादी पूर्ण काढून टाकलेली असेल, किंवा समोरासमोरच्या दोन्ही हाडांवर खड्डे असतील, तर बहुतेक वेळा नकार हाच प्रामाणिक सल्ला. वजनाचंही तसंच. एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, त्यामुळे आठ-दहा किलो जास्त असतील तर ऑपरेशन तीन महिने पुढे ढकलून ते उतरवणं फायद्याचं.

पहिलं ऑपरेशन छोटं. दुर्बिणीतून खड्डा पाहतात, मोजतात आणि भार न येणाऱ्या जागेवरून, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या कडेवरून किंवा मधल्या खाचेतून, २०० ते ३०० मिलिग्रॅम कूर्चा काढतात. हे कण भिजवलेल्या तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात, पांढरे आणि चिवट. ते निर्जंतुक द्रवाच्या बाटलीत घालून थंड पेटीतून प्रयोगशाळेत जातात. त्याआधी एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, सी यांच्या रक्ततपासण्या होतात. संध्याकाळी बहुतेक माणसं घरी जातात.

प्रयोगशाळेत कोलॅजेनेज नावाच्या विकराने जाळं विरघळवून पेशी सुट्या करतात आणि तीन ते सहा आठवडे वाढवतात. काढताना काही लाख असलेल्या पेशी कोटीपर्यंत नेतात. या कामातली खरी अडचण इथे आहे. सपाट भांड्याच्या तळाला चिकटून वाढताना कूर्चापेशी आपला स्वभाव विसरतात. गोल असतात त्या लांबुळक्या होतात आणि टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजेन बनवायला लागतात. जितक्या पिढ्या जास्त वाढवाल तितका हा विसर जास्त. पुन्हा त्रिमितीय आधारात, जेलमध्ये किंवा पडद्यावर ठेवल्या की त्यांना मूळ काम बऱ्यापैकी आठवतं, पण पूर्ण नाही. म्हणून ‘पेशी किती?’ एवढंच विचारू नका. जिवंत पेशींचं प्रमाण, किती वेळा नव्या भांड्यात पुनर्लागवड केली, जंतू, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिनच्या तपासण्यांचे निकाल, हे सगळं बॅचच्या प्रमाणपत्रावर असतं. त्याची प्रत मागा.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या. काही प्रकारांत पेशी डुकराच्या कोलॅजेनच्या पडद्यावर बसवलेल्या असतात आणि वाढवताना गाईच्या वासराचं सीरम वापरलेलं असू शकतं. काही फायब्रिन गोंदांतही, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदांत, प्राणिजन्य घटक असतात. ज्यांच्या घरी याला महत्त्व आहे त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, पहिल्या भेटीत विचारावं. पडद्याशिवाय, फायब्रिन जेलमध्ये पेशी मिसळून भरण्याची पद्धतही आहे. दुसरं, वाहतुकीच्या द्रवात जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक असू शकतं, तेव्हा अॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरवताना मुंबईचा पाऊस लक्षात ठेवावा. तयार पेशींचं आयुष्य थोडकं असतं, त्या ठरावीक तापमानातच प्रवास करतात. प्रयोगशाळा घाटापलीकडे असेल आणि रस्ता बंद पडला, किंवा तुम्हालाच आदल्या दिवशी ताप भरला, तर ती बॅच वाया जाऊ शकते. तसं झालं तर पुन्हा पेशी वाढवायचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. शक्य असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. पुढे कुबड्यांवर चालायचं आहे, आणि ओल्या प्लॅटफॉर्मवर कुबडीचं रबर सहज घसरतं.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कौशल्य दिसतं ते खड्डा तयार करताना. खराब कूर्चा क्युरेट नावाच्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडत निरोगी कडेपर्यंत जायचं. कड भिंतीसारखी उभी हवी, उतरती नको. तळाशी चुनखडलेला पातळ थर राहतो तो काढायचा, पण खालच्या हाडातून रक्त येऊ द्यायचं नाही. रक्त आलं की मज्जेच्या पेशी मिसळतात आणि पुन्हा तंतुमय ऊतकाची वाट. थोडं आलंच तर अॅड्रेनलिनचा बोळा किंवा फायब्रिन गोंदाचा थेंब लावून थांबवतात. मग खड्ड्याच्या मापाचा साचा कापून त्यावरून पडदा कापतात. पडदा भिंतीच्या किंचित आत बसवतात, वर आला तर गुडघा हलताना तो ओरबाडला जातो. गोंद लावून काही मिनिटं दाबतात, नंतर गुडघा अनेकदा वाकवून सरळ करतात आणि पडदा हलला नाही हे डोळ्यांनी पाहूनच टाके घालतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती आधीच करावी: सांध्यात ब्युपिव्हाकेनचा सतत ठिबकणारा पंप नको. या औषधाने कूर्चापेशी मरतात. नसेभोवती दिलेली भूल चालते.

आता घर. या सेवेचं यश निम्म्याहून जास्त इथे ठरतं, आणि विकताना याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

पहिली रात्र पाय सरळ ठेवायचा, पेशींना चिकटायला वेळ हवा. दुसऱ्या दिवसापासून सीपीएम मशीन, म्हणजे पाय आपोआप हळूहळू वाकवणारं यंत्र, दिवसाला सहा ते आठ तास, सुमारे सहा आठवडे. एका दमात नको, दोन-दोन तासांच्या बैठका करा. मशीन भाड्याने मिळतं, पण दहा बाय बाराच्या खोलीत ते कुठे ठेवायचं हे आधी ठरवा. ते पलंगावरच लागतं, जमिनीवर अंथरलेल्या गादीवरून उठताना गुडघा नको तितका वाकतो. कूर्चेला अन्न मिळतं ते अशा दाब-सोडीतून, सांध्यातल्या द्रवातून. म्हणून पूर्ण विश्रांतीही वाईट आणि पूर्ण भारही वाईट.

मांडीच्या हाडाच्या भारवाहू भागावर रोपण असेल तर पहिले दोन आठवडे शरीराच्या वजनाच्या साधारण २० टक्केच भार. सत्तर किलोच्या माणसाला म्हणजे चौदा किलो. हे अंदाजाने जमत नाही. घरातला वजनकाटा घ्या, दोन्ही कुबड्यांवर उभं राहून ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेवा आणि काटा चौदावर येईपर्यंत दाबा. दिवसातून चार-पाच वेळा केलं की पायाला तो दाब लक्षात राहतो. मग टप्प्याटप्प्याने वाढवत आठ ते बारा आठवड्यांत पूर्ण भार. वाटीच्या मागे किंवा तिच्या खोबणीत रोपण असेल तर नियम उलटा. ब्रेस, म्हणजे गुडघ्याला बांधायचा आधार, सरळ लॉक करून भार लवकर चालतो, पण वाकलेल्या गुडघ्यावर भार, म्हणजे जिने, खुर्चीतून उठणं, हे जपायचं. फिजिओला रोपण नेमकं कुठे आहे हे कागदावर दाखवा. दोन्ही जागांना एकच तक्ता देणारा फिजिओ बदलावा.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पहिले दीड-दोन महिने तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहता येतं का ते पाहा. जिना करायचाच तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि कुबड्या आधी. चाळीत बाहेरचं भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची पहिल्या दिवसापासून लागते. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं सर्जन सांगेपर्यंत बंद. लोकलचा पूल आणि गर्दीच्या वेळेचा डबा तीन महिने विसरा. सुटी किंवा घरून कामाची परवानगी सहा ते आठ आठवड्यांची आधीच घ्या. पळणं नऊ ते बारा महिन्यांनी. कबड्डी, फुटबॉल, दहीहंडीचे थर, जिथे उडी आणि वळण आहे ते सगळं बारा ते अठरा महिन्यांनी.

इतका वेळ का? आतलं ऊतक पहिले सहा आठवडे पेजेइतकं मऊ असतं. तीन-सहा महिन्यांत ते खरवसासारखं होतं, दाबलं की खड्डा पडणारं. रबरासारखं व्हायला नऊ-दहा महिने आणि शेजारच्या कूर्चेच्या जवळपास कडक व्हायला दीड-दोन वर्षं. धोका असा की दुखणं चौथ्या महिन्यातच थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं, आणि तो खरवसावर धावायला जातो.

बिघडतं काय? पहिल्या सहा महिन्यांत पडदा सुटणं: गुडघा अचानक अडकतो, सुजतो. तिसऱ्या ते नवव्या महिन्यात ऊतक जास्त वाढून वर येणं, मग वाकवताना खटखट होते. हाडाच्या आवरणाचा तुकडा शिवण्याच्या जुन्या पद्धतीत हे फार व्हायचं, पडद्याने बरंच कमी झालं, आणि दुर्बिणीतून तासून दुरुस्त करता येतं. गुडघा आखडणं हे व्यायाम चुकवल्याचं फळ. सहा आठवड्यांत नव्वद अंशांपर्यंत वाकत नसेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप, जखमेतून स्राव किंवा पोटरीत सूज आणि ठणका आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

याच नावाखाली विकल्या जाणाऱ्या इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. प्लेटलेटचं इंजेक्शन, म्हणजे पीआरपी: ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या, २०२१ साली छापल्या गेलेल्या चाचणीत तीन इंजेक्शनांनी वर्षभरानंतर वेदना आणि कूर्चेचं आकारमान या दोन्हींत मिठाच्या पाण्याहून अर्थपूर्ण फरक पडला नाही. वंगणाचं जेल कूर्चा उगवत नाही, काहींना काही महिने आराम देतं. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांना आम्ही पैसे घालणार नाही. दात्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींच्या एका इंजेक्शनाला भारतात २०२२ साली मध्यम झिजेसाठी परवानगी मिळाली आहे. ते दुखणं कमी करण्याच्या कामाचं आहे, खड्डा भरण्याच्या नव्हे. पण पोटाची चरबी काढून त्याच दिवशी ‘स्टेम सेल’ म्हणून गुडघ्यात सोडणारे दवाखाने टाळा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानगीबाहेरचा मूळपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

पैशाचं सांगायचं तर ही दोन ऑपरेशनं आणि एक प्रयोगशाळा आहे. अंदाजपत्रक एका ओळीत घेऊ नका. दोन्ही वेळचा थिएटर आणि भुलीचा खर्च, पेशींचं बिल, पडदा, फायब्रिन गोंद, ब्रेस, सीपीएमचं भाडं, फिजिओच्या बैठका, वर्षभरानंतरचा एमआरआय, सगळं वेगळं लिहून घ्या. पाय सरळ करायचं ऑपरेशन लागणार असेल तर प्लेट आणि स्क्रूही. विम्याच्या खिडकीवर ‘स्टेम सेल’ म्हणून दावा नाकारला जायची शक्यता असते, कारण विमा नियामकाच्या २०१९ च्या यादीत मूळपेशी-उपचार म्हणून रक्ताच्या आजारांतल्या अस्थिमज्जारोपणाचाच उल्लेख आहे. कूर्चापेशी या मूळपेशी नव्हेत, त्या तयार पेशी आहेत. सर्जनच्या पत्रात ‘स्वतःच्या कूर्चापेशींचं रोपण’ असं स्पष्ट लिहून घ्या, परवानगीच्या आदेशाची प्रत जोडा आणि पहिल्या ऑपरेशनआधीच दोन्ही ऑपरेशनांची लेखी मंजुरी मागा. एकालाच मंजुरी मिळाली तर कण काढायचं पहिलं ऑपरेशनही करू नका. पेशी वाढायला लागल्या की त्यांचं बिल सुरू झालेलं असतं.